आई, मी स्कूल बोर्डाला उभी राहतेय! म्हणजे नक्की काय करतेयस?

ऑक्टोबर उजाडला की न्यू जर्सीतल्या एडिसन, साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर अशा गावांत घरांपुढच्या हिरवळीवर पाट्या उगवायला लागतात. तारेच्या दोन पायांवर रोवलेला प्लॅस्टिकचा फलक, वर ठळक नाव आणि खाली ‘स्कूल बोर्डासाठी’. अलीकडे या पाट्यांवर पटेल, रेड्डी, शर्मा यांच्या जोडीला एखादी कुलकर्णी किंवा जोशीही दिसते. मग पुण्या-नाशकात फोन खणखणतो. "आई, मी स्कूल बोर्डाला उभी राहतेय." पलीकडून प्रश्न येतो, "म्हणजे शाळेत नोकरी धरलीस? पगार किती?" आणि पाठोपाठ, "राजकारणात कशाला पडतेस गं?"

नोकरी नाही, पगार शून्य. राजकारणाचं उत्तर मात्र इतकं सरळ नाही. न्यू जर्सीत मराठी मंडळी भरपूर आहेत आणि तिथले नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत, म्हणून हा लेख मुख्यतः त्या राज्याच्या आधाराने लिहितो. आणि हे बोर्ड म्हणजे दहावी-बारावीची परीक्षा घेणारं बोर्ड नव्हे, तेवढं आधी डोक्यातून काढून टाकू.

शाळा नक्की कोणाच्या ताब्यात?

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. त्यामुळे तो आपसूक राज्यांचा विषय झाला, आणि राज्यांनी तो बहुतेक ठिकाणी गावांच्या हवाली केला. ही सवय फार जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४७ साली असा कायदा झाला की पन्नास घरांच्या गावाने मुलांना लिहा-वाचायला शिकवणारा माणूस नेमावा आणि शंभर घरांच्या गावाने वरच्या शिक्षणाची शाळा काढावी. हेतू धार्मिक होता: माणसाला बायबल स्वतः वाचता आलं तर सैतान त्याला फसवू शकणार नाही. सैतानाचं पुढे काय झालं कोण जाणे, पण शाळा गावाने चालवायची आणि तिचा खर्चही गावानेच उचलायचा ही पद्धत मात्र टिकली.

आज अमेरिकेत साधारण १३,००० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्याला कलेक्टर आठवतो, पण इथे त्याचा अर्थ एका गावाच्या, किंवा शेजारच्या दोन-तीन गावांच्या, सगळ्या सरकारी शाळांचा मिळून एक कारभार. हवाई हे राज्य म्हणजे सगळंच्या सगळं एकच डिस्ट्रिक्ट. न्यू जर्सीत मात्र ते सहाशेच्या आसपास आहेत, आणि हे अख्खं राज्य आपले पुणे आणि सातारा जिल्हे एकत्र केले तर त्याहून लहान भरेल. या प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या डोक्यावर एक स्कूल बोर्ड असतं. बहुतेक ठिकाणी सदस्य नऊ, मुदत तीन वर्षांची, आणि दरवर्षी त्यातल्या साधारण एक तृतीयांश जागांची निवडणूक. म्हणजे सगळं बोर्ड एका रात्रीत बदलत नाही.

सगळीकडे असंच असतं असं मात्र नाही. न्यू यॉर्क शहरात २००२ पासून शाळा महापौरांच्या हाती आहेत. शिकागोतही बोर्ड महापौरच नेमत असत. तिथे मतदारांनी बोर्डाचे काही सदस्य पहिल्यांदा निवडले ते २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये.

सगळ्याच्या मुळाशी घरपट्टी

स्कूल बोर्डाची निवडणूक एवढी तापते का, हे कळायला घरपट्टीचं बिल बघावं. तिथे तिला प्रॉपर्टी टॅक्स म्हणतात. न्यू जर्सीतलं सरासरी वार्षिक बिल आता दहा हजार डॉलरच्या वर गेलंय, अमेरिकेतल्या सर्वांत चढ्या बिलांपैकी ते एक. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो. शाळांच्या एकूण खर्चात केंद्र सरकारचा वाटा देशभराचा हिशेब धरला तर एरवी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. बाकीचं राज्य आणि गाव मिळून भरतात.

याचे परिणाम थेट घराच्या किमतीपर्यंत जातात. शाळा चांगली म्हणून घर महाग, घर महाग म्हणून कर जास्त, कर जास्त म्हणून शाळेकडे पैसा. मराठी घरांत तिकडे नवीन घर घ्यायचं ठरलं की आधी शाळांची क्रमवारी पाहतात आणि मग स्वयंपाकघर, ते उगाच नाही. गरीब गावात हेच चक्र उलटं फिरतं. ही विषमता केंद्रीय राज्यघटनेच्या विरोधात आहे का, हा प्रश्न टेक्सासमधल्या एका खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९७३ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ‘नाही’ म्हटलं. न्यू जर्सीच्या स्वतःच्या न्यायालयांनी मात्र राज्याच्या घटनेवर बोट ठेवून गरीब शहरांच्या शाळांना राज्याकडून जादा पैसा मिळवून दिला.

तर, गावाच्या कराचा सर्वांत मोठा घास कुठे जाणार हे ठरवणारी जी नऊ माणसं, ते स्कूल बोर्ड. मुलं केव्हाच मोठी होऊन बाहेर पडलेले आजी-आजोबाही या निवडणुकीत मत देतात ते यामुळे. त्यांना गणिताच्या पुस्तकाशी देणंघेणं नसेल, पण बिलाशी असतं.

एक आडवळणाची गोष्ट सांगायला हवी. न्यू जर्सीत शाळांसाठीचा कर एका वर्षात साधारणतः दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. २०१० साली तसा कायदा झाला. पूर्वी शाळांची निवडणूक एप्रिलमध्ये स्वतंत्र व्हायची आणि बजेटवर थेट लोकांचं मत घेतलं जायचं. २०१२ मध्ये राज्याने डिस्ट्रिक्टपुढे सौदा ठेवला: निवडणूक नोव्हेंबरमध्ये इतर निवडणुकांबरोबर घ्या, दोन टक्क्यांच्या आत राहा, म्हणजे बजेट मतदानाला टाकायची गरज नाही. बहुतेकांनी तो आनंदाने घेतला. मतदार वाढले, पण बजेटला थेट ‘नाही’ म्हणायची संधी गेली. माझ्या मते हा सौदा बोर्डांच्या फायद्याचा जास्त आणि मतदारांच्या फायद्याचा कमी झाला.

बोर्ड काय करतं आणि काय करत नाही

आपल्या हाउसिंग सोसायटीची मॅनेजिंग कमिटी डोळ्यांसमोर आणा. फ्लॅटधारक कमिटी निवडतात, कमिटीला पगार नसतो, ती एक मॅनेजर नेमते आणि वॉचमन, लिफ्टवाला, सफाईवाले यांच्याकडून काम तो मॅनेजर करून घेतो. कमिटीवर निवडून आलात म्हणून तुम्ही वॉचमनला बोलावून "माझी गाडी धू" असं सांगू शकत नाही. निदान सांगू नये.

स्कूल बोर्डाचंही तसंच आहे. त्याचा मॅनेजर म्हणजे सुपरिंटेंडेंट, डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या शाळांचा प्रमुख अधिकारी. त्याला नेमणं, त्याचं मूल्यमापन करणं आणि वेळ आली तर त्याचा करार पुढे न वाढवणं, हा बोर्डाच्या हातातला सर्वांत मोठा अधिकार. शिक्षकांच्या नेमणुकांवर बोर्ड मतदान करतं, पण सुपरिंटेंडेंटने शिफारस केलेल्या नावांवरच. "माझ्या भाचीला घ्या" म्हणायला तिथे जागा नाही.

शिक्षक संघटनेशी पगाराचा करार, शाळांच्या हद्दी, नवीन इमारतीसाठी कर्ज काढायचं का, कोणत्या इयत्तेपासून वरच्या पातळीचं गणित, बस किती मैलांच्या पुढे, शाळा सकाळी किती वाजता भरवायची, हे विषय बोर्डापुढे येतात. यातला हद्दींचा विषय सर्वांत स्फोटक. रस्त्याच्या या बाजूची मुलं उद्यापासून दुसऱ्या शाळेत जाणार म्हटलं की एरवी एकमेकांना फराळाचं ताट देणारे शेजारी बैठकीत समोरासमोर उभे राहतात. कोणत्या विषयात मुलांना काय यायला हवं याचे निकष, राज्याच्या परीक्षा आणि शिक्षकांचे परवाने मात्र राज्य ठरवतं. तिथे बोर्डाचं काही चालत नाही.

दिवाळीची सुटी हा आपल्या लोकांचा लाडका मुद्दा, आणि त्यात बोर्डाची चौकट स्वच्छ दिसते. न्यू जर्सीत वर्षाला किमान १८० दिवस शाळा भरावीच लागते. दिवाळीचा एक दिवस दिला की तो दुसरीकडून काढायचा, म्हणजे जूनमध्ये शाळा एक दिवस उशिरा संपणार किंवा दुसरी एखादी सुटी कमी होणार. एडिसनसारख्या डिस्ट्रिक्टमध्ये दिवाळीला शाळा बंद असतात, तो स्थानिक निर्णय. न्यू यॉर्क शहरात हीच सुटी मिळवायला २०२३ साली राज्याचा कायदा करावा लागला. २०२४ मध्ये तर आणखी एक गंमत होती. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावर आपल्याकडे पंचांगकर्त्यांतच दोन मतं होती. न्यू यॉर्कने १ नोव्हेंबर धरला.

एका बैठकीत डोकावून बघा

संध्याकाळी सात-साडेसातला हायस्कूलच्या सभागृहात नाहीतर लायब्ररीत बैठक सुरू होते. आधी सगळे उभे राहून राष्ट्रध्वजाला वंदन करतात. मग एखाद्या स्पर्धेत जिंकलेल्या मुलांचं कौतुक होतं. फोटो निघतात आणि फोटो निघाले की त्यांचे आईबाप उठून घरी जातात. सभागृह निम्मं रिकामं. खरी बैठक इथून पुढे.

विषयपत्रिकेतल्या चाळीस-पन्नास बाबी एका दमात मंजूर होतात: कोणाची बाळंतपणाची रजा, छताच्या दुरुस्तीचं बिल, सहलींची यादी. नवखा सदस्य गोंधळतो तो इथेच, कारण त्या पन्नासांत एखादी मोठी बाब शांतपणे बसलेली असू शकते. नंतर लोकांना बोलायची वेळ दिली जाते, माणशी बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं. टायमरचा लाल दिवा लागला की माईक बंद. बोर्डाने तिथल्या तिथे उत्तर द्यायला हवं असं बंधन नसतं, आणि पहिल्यांदा बोलणाऱ्या पालकांना हे फार लागतं. तीन मिनिटं पोटतिडकीने बोलायचं आणि समोरच्या नऊ जणांनी फक्त "धन्यवाद" म्हणायचं!

काही विषय बंद दाराआड होतात. वकिलाचा सल्ला, कर्मचाऱ्यांचे प्रश्न, कराराची बोलणी, एखाद्या मुलाची खासगी माहिती. बाकी सगळं उघड्यावर करावं लागतं, कारण उघड्या सभांचा राज्याचा कायदाच तसा आहे. त्याचा एक परिणाम आपल्याला चमत्कारिक वाटेल. नऊपैकी पाच सदस्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बजेटची चर्चा केली, तर ती बेकायदा बैठक ठरू शकते. बहुमत जिथे जमलं तिथे सभा झाली, आणि सभा झाली तर जनतेला दार उघडं हवं.

उभं राहायचं तर काय लागतं?

अमेरिकेचं नागरिकत्व, त्या डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्ष वास्तव्य, मतदार यादीत नाव आणि लिहिता-वाचता येणं. मुलं त्या शाळेत असायलाच हवीत असं नाही. मूल नसलं तरी चालतं. गावातल्या मतदारांच्या ठरावीक सह्यांचा अर्ज, ज्याला पिटिशन म्हणतात, तो नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारच्या आत काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, क्लार्ककडे पोचवावा लागतो. सह्या लागतात त्याहून दुपटीने गोळा कराव्यात असं अनुभवी लोक सांगतात, कारण सही करणारा त्या गावचा मतदार नाही असं निघालं तर सही बाद होते. रविवारी मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये जमवलेल्या सह्यांत अशा बऱ्याच निघतात. माणसं उत्साहाने सही करतात आणि राहतात शेजारच्या गावात.

निवडणूक खर्चाचा हिशेब राज्याच्या आयोगाकडे जातो. निवडून आल्यावर बोटांचे ठसे देऊन गुन्ह्यांची तपासणी होते आणि प्रशिक्षण सक्तीचं असतं. मानधन कायद्यानेच नाही.

एक अट घाईत वाचली जात नाही. बोर्डाशी ज्याचा कंत्राटाचा संबंध आहे किंवा ज्याचा बोर्डाविरुद्ध दावा चालू आहे, त्याला सदस्य राहता येत नाही. आता, स्कूल बोर्डाला उभं राहायची ऊर्मी बरेचदा येते कुठून? स्वतःच्या मुलाला विशेष शिक्षणाची सोय मिळाली नाही, भांडावं लागलं, वकील करावा लागला, यातूनच. म्हणजे जो सर्वांत पेटलेला, तोच कायद्याच्या कचाट्यात सापडायचा. २००८ मध्ये असा एक वाद न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दावा कोणत्या प्रकारचा, त्यात पैशाची मागणी आहे का, हे पाहिलं जातं. असं काही चालू असेल तर सह्या गोळा करण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं.

"मी ग्रीन कार्डवर आहे. कर भरतो, मुलं तिथेच शिकतात. मग?"

हा प्रश्न भारतीयांना जास्त टोचतो. एका देशाच्या लोकांना वर्षाला दिल्या जाणाऱ्या नोकरीआधारित ग्रीन कार्डांवर सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे आपल्या रांगा कैक वर्षांच्या. एच-वन बी व्हिसावर आलेल्या माणसाचं मूल बालवाडीतून हायस्कूल संपवून बाहेर पडेल, तरी बापाला मत नसेल, अशी स्थिती. घरपट्टी मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण. न्यू जर्सीत नागरिक नसलेल्याला या निवडणुकीत ना मत देता येतं ना उभं राहता येतं. ग्रीन कार्ड पुरत नाही.

काही ठिकाणी वेगळं आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ मध्ये मतदारांच्या कौलाने नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डापुरतं मत दिलं. त्याबरोबर शहर स्वतःच इशारा देतं की यादीतली माहिती इमिग्रेशन खात्याच्या हाती पडू शकते, वकिलाशी बोलून मगच नाव नोंदवा. न्यू यॉर्क शहरात पालकांच्या स्थानिक शिक्षण परिषदांत नागरिकत्वाची अट नाही, पण त्यांचे अधिकार बेताचे.

इथे हात जोडून एक सांगणं. गाडीच्या लायसन्सचा अर्ज भरताना मतदार नोंदणीचा रकाना पुढे येतो, आणि घाईत टिक होते. नागरिक नसताना नाव नोंदवलं गेलं आणि मत दिलं गेलं, तर प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. ‘चुकून झालं’ हे कारण ऐकून घेतलं जाईलच याची खात्री नाही.

मत नसलं तरी तोंड बंद नाही. बैठकीतली ती तीन मिनिटं सगळ्यांना मिळतात, बजेटची जाहीर सुनावणी सगळ्यांसाठी खुली असते आणि बोर्डाची कागदपत्रं मागवता येतात.

"निवडून आले की माझ्या मुलीच्या शिक्षिकेला बघून घेते"

हे जमणार नाही, आणि प्रयत्न केला तर पदही जाऊ शकतं. न्यू जर्सीत बोर्ड सदस्यांसाठी आचारसंहितेचा कायदा आहे. त्यातलं मुख्य तत्त्व असं की शाळा चालवणं हे तुमचं काम नाही, ती नीट चालतेय ना हे सगळ्यांनी मिळून पाहणं हे तुमचं काम. तक्रार घेऊन कोणी दारात आलं तर तिला सुपरिंटेंडेंटकडे पाठवायचं, स्वतः मुख्याध्यापकांना फोन करायचा नाही. मोडलं तर राज्याच्या आयोगापुढे सुनावणी होते, आणि शिक्षा ताशेऱ्यापासून पदावरून काढण्यापर्यंत. नवरा किंवा बायको त्याच डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षक असेल तर शिक्षकांच्या कराराच्या बोलणीपासून लांब राहावं लागतं.

दुसरी अडचण साध्या बेरजेची आहे. नऊ जणांत एकटीचं मत म्हणजे नववा भाग. पाच होईपर्यंत काहीच हलत नाही. त्यामुळे ‘मी येते आणि सगळं बदलते’ म्हणून आलेला सदस्य पहिल्या वर्षात सर्वांत निष्फळ ठरतो. शेजारच्या खुर्चीतल्या, कदाचित न आवडणाऱ्या, चार माणसांशी जुळवून घेणारा जास्त पुढे जातो. आपल्या लोकांना हा भाग जड जातो असं मला वाटतं. आपण अभ्यास करून, तक्ते बनवून, मुद्दा बिनतोड मांडतो आणि मग मतं का पडली नाहीत याचं नवल करत बसतो.

आणि आपली माणसं तरी एका बाजूला कुठे असतात? २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोच्या सुपरिंटेंडेंटने मुलांवरचा ताण फार वाढलाय म्हणून सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठाविना ठरवल्या. तिथली बहुसंख्य मुलं आशियाई वंशाची. गोरे पालक एका बाजूला आणि आशियाई दुसऱ्या, अशी बातमी देशभर गाजली. पण बारकाईने पाहिलं तर रेघ इतकी सरळ नव्हती, भारतीय आणि चिनी घरांतही दोन तट होते. ‘भारतीयांचा उमेदवार’ म्हणून उभं राहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

"शाळेत राजकारण कशाला?"

कागदावर ते नाहीच. न्यू जर्सीच्या मतपत्रिकेत या उमेदवारांपुढे पक्षाचं नाव छापत नाहीत. तरी शिक्षक संघटना पाठिंबा जाहीर करतात, गावातले पक्षवाले आतून बळ देतात, दोन-तीन उमेदवार पॅनेल करून लढतात. कोविडनंतर तर हे फार वाढलं. मास्क, बंद शाळा, वर्णभेदाचा इतिहास कसा शिकवावा, लायब्ररीत कोणती पुस्तकं असावीत, यावर बैठकांत पोलीस बोलवायची वेळ आली. फ्लोरिडात २०२१ मध्ये ‘मॉम्स फॉर लिबर्टी’ ही संघटना निघाली आणि तिने स्कूल बोर्डाच्या निवडणुकांवरच लक्ष धरलं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्को. तिथल्या बोर्डाने २०२१ च्या जानेवारीत ४४ शाळांची नावं बदलायचं ठरवलं, कारण ज्यांची नावं होती त्यांचा इतिहास डागाळलेला. मुलं तेव्हा घरीच स्क्रीनपुढे बसलेली. शाळा उघडायच्या सोडून पाट्या कसल्या बदलता, असा संताप उसळला. लोवेल या नावाजलेल्या हायस्कूलमधला गुणवत्तेवरचा प्रवेशही बोर्डाने थांबवला, तेव्हा चिनी वंशाचे पालक खवळून उठले. २०२२ च्या फेब्रुवारीत मतदारांनी तीन सदस्यांना मुदतीआधीच घरी पाठवलं. अमेरिकेतल्या सर्वांत उदारमतवादी शहरांपैकी एका शहरात हे घडलं, त्यामुळे याला डावं-उजवं म्हणून निकालात काढता येत नाही.

बोर्डाला वाटेल ते करता येतं असंही नाही. न्यू यॉर्क राज्यातल्या एका बोर्डाने लायब्ररीतून पुस्तकं काढली होती, तेव्हा १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींमध्ये मतं फुटली, पण ‘विचार आवडत नाहीत एवढ्याच कारणाने पुस्तक काढता येणार नाही’ असा सूर त्यातून निघाला. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत समलिंगी पात्रांच्या गोष्टींच्या तासाला मुलांना बाहेर बसवायची मुभा बोर्डाने काढून घेतली, तेव्हा मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक न्यायालयात गेले आणि २०२५ च्या जूनमध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. म्हणजे न्यायालय कधी पुस्तकं काढायला विरोध करणाऱ्यांना साथ देतं, कधी धार्मिक पालकांना. बोर्डाला दोन्हीकडून कान टोचून घ्यावे लागतात.

फेसबुकचं काय?

कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या पोवे इथल्या बोर्डावर दोन सदस्य निवडून आले. प्रचारासाठी काढलेली फेसबुकची पानं त्यांनी निवडून आल्यावरही चालू ठेवली आणि तिथे शाळेच्या बातम्या टाकायला लागले. गावातलं एक जोडपं त्यांच्या पोस्टांखाली तीच तीच टीका पुन्हा पुन्हा चिकटवायचं. सदस्यांनी त्यांना ब्लॉक केलं. एवढ्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात! २०२४ च्या मार्चमध्ये अशाच दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने कसोटी घालून दिली आणि हे प्रकरण त्या कसोटीवर पुन्हा तपासायला खाली पाठवलं. कसोटी साधारण अशी: त्या माणसाला सरकारच्या वतीने बोलायचा अधिकार होता का, आणि पोस्ट टाकताना तो तोच अधिकार वापरत होता का. दोन्ही ‘हो’ असतील तर ब्लॉक करणं म्हणजे सरकारने नागरिकाचं तोंड दाबणं. म्हणून निवडून आल्या दिवशी मुलांचे वाढदिवस एका खात्यावर आणि बोर्डाचं काम दुसऱ्यावर, अशी फोड केलेली बरी.

आपल्याकडे असं काही आहे का?

थोडंफार आहे, आणि बऱ्याच पालकांच्या गावीही नसतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार खासगी विनाअनुदानित शाळा सोडून बाकी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेलं अनुदान कसं खर्च झालं ते पाहणं, ही तिची कामं. खासगी विनाअनुदानित शाळांत २०११ च्या शुल्क नियमन कायद्याखाली पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते आणि तिच्यातले पालक निवडणुकीने येत नाहीत, सोडत काढून येतात. महापालिकांची जुनी शिक्षण मंडळं होती, पण त्यांचे सदस्य नगरसेवक निवडायचे. २०१३ नंतर तीही टप्प्याटप्प्याने बंद झाली.

फरक तिजोरीचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतली समिती ठराव करू शकते की छत गळतंय आणि एक शिक्षक कमी आहे, पण पैसा आणि बदली दोन्ही वरून यायचे. न्यू जर्सीतली नऊ माणसं कर लावतात आणि मॅनेजर बदलतात. आपल्याकडे पालकांना समितीत जागा कायद्याने मिळाली, पाकीट मिळालं नाही. म्हणूनच समितीच्या निवडीला मोजके पालक येतात आणि अध्यक्ष कोण झाला हे बाकीच्यांना वर्षभराने कळतं.

निवडून आलात, पुढे?

नोव्हेंबरात जिंकलेली आई जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शपथ घेते. त्याच बैठकीत बोर्डाचा अध्यक्ष निवडायला तिला मत द्यावं लागतं, आणि अध्यक्ष व्हायला उत्सुक असलेले दोघेही तिला तोवर फोन करून गेलेले असतात. मग बजेट येतं. मार्चमध्ये कच्चं बजेट काउंटीच्या अधिकाऱ्याकडे जायला हवं, एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी. आरोग्य विम्याचे हप्ते आणि बसची कंत्राटं दोन टक्क्यांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात, म्हणून दरवर्षी काहीतरी कापावंच लागतं. ज्या संगीताच्या शिक्षकासाठी तिने ऑक्टोबरमध्ये दारोदार फिरून मतं मागितली, त्याच्याच जागेपुढे कात्रीची खूण असलेला कागद तिच्या हातात बहुधा फेब्रुवारीतच पडतो.